चिचो लोझानची किल्ली

आमच्या दोल्ना लेस्का गावात कुणी वारलं की त्याचा कागद मी करायचे. वर फोटो, खाली नाव, वय, मागे राहिलेल्यांची नावं. तो घराच्या फाटकावर, विजेच्या खांबांवर, बेकरीच्या भिंतीवर चिकटवायचा. चाळीस दिवसांनी दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, पुढे दर वर्षी एक. वाचनालयात चांगला कॉम्प्युटर आणि प्रिंटर आला तेव्हापासून हे काम माझ्याकडे आलं, आणि ग्रंथपालाच्या पगारात मी निम्म्या गावाला मार्गी लावलं. लोझान मिहोव यांचे मी तीन कागद केले. पहिल्या दोनांत खोटं काही नव्हतं, पण ते अर्धे होते. तिसरा पुरा लिहिला, तेव्हा ज्यांनी तो वाचायला हवा होता ते मातीखाली होते.

त्यांना सगळं गाव चिचो लोझान म्हणायचं. चिचो म्हणजे काका. पंपांच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं ते एकाच लेथवर उभे होते. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांना लेथवरून काढून फाटकावर पहारेकरी केलं. एका बुधवारी भर दुपारी एक ट्रक आला. ड्रायव्हरजवळ शिक्का मारलेला कागद होता. चिचोंनी तो दोनदा वाचला, शिक्का उन्हात धरून बघितला आणि फाटक उघडलं. तासाभरानं त्याच फाटकातून त्यांचा स्वतःचा लेथ बाहेर गेला. कागद खोटा होता. त्यांना कुणी बोल लावला नाही, कारण तोवर बोल लावायला कारखान्यात कुणी उरलंच नव्हतं. पण माणसाला दुसऱ्यानं बोल लावायची गरज असतेच असं नाही.

त्यानंतर ते सगळं बांधून ठेवायला लागले. तशी आमच्या भागात ती वर्षंच वाईट होती. गटारांची झाकणं गेली, शाळेची घंटा गेली, रेल्वेच्या तारा गेल्या. लोखंड जमिनीवर टिकत नव्हतं. पण चिचो लोझाननी शिडी बांधली, ढकलगाडी बांधली, अंगणातलं बाकडंसुद्धा साखळीनं अक्रोडाच्या झाडाला बांधलं. समोरच्या बेकरीतली वर्बिंका तोंडाची फटकळ. ती एकदा म्हणाली, "चिचो, त्सेनाकाकूंना तरी मोकळं ठेवलं होतंत का?"

त्सेना त्यांची बायको, जाऊन वर्ष झालं होतं. चिचो म्हणाले, "तिलाच तेवढी बांधायची राहिली. म्हणून तर गेली." आणि पाव घेऊन निघून गेले.

कॉम्प्युटर कुठल्याशा सरकारी योजनेतून आला. पांढराशुभ्र, मोठ्या पडद्याचा, वर कॅमेरा बसवलेला. खोक्यात एक लोखंडी केबल होती, प्लास्टिकचं आवरण घातलेली, आणि तिच्या टोकाला अंगठ्याएवढं कुलूप. योजनेची अटच होती की यंत्र कुलूपबंद हवं. आमचे अध्यक्ष बेल्चेव, भूगोलाचे निवृत्त मास्तर, त्यांनी चष्मा लावून माहितीपत्रक वाचलं आणि केबलचा फास टेबलाच्या पायात घालून कुलूप लावलं. वर फोटोही काढून पाठवला.

दुसऱ्या दिवशी चिचो लोझान पेपर वाचायला आले. ते पेपर वाचायचे आधी, मग खुर्च्या हलवून बघायचे, मग दाराची बिजागरी. त्या दिवशी ते टेबलाखाली वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत.

"हे कुणी बांधलं?"

"मी," बेल्चेव म्हणाले.

"भूगोलाच्या मास्तरांनी. बरं." त्यांनी एका हातानं टेबलाचा कोपरा चार बोटं उचलला आणि बुटाच्या टोकानं फास पायाखालून सरकवून बाहेर काढला. "घ्या. नेऊ का घरी?"

बेल्चेव लाल झाले. मला हसू आवरेना. चिचो मात्र हसले नाहीत. त्यांनी कोट काढून खुर्चीला लावला आणि कामाला लागले. भिंतीतून निघून जमिनीत जाणारा हीटरचा पाइप होता, तो त्यांनी खालपासून वरपर्यंत किल्लीनं ठोकून ऐकला. गंजलेला असता तर आवाज बसका आला असता म्हणे. केबल त्या पाइपाला घातली. यंत्राच्या पाठीला नखाएवढी खाच असते, तीत कुलपाचं डोकं घालून किल्ली फिरवली की ते आत आडवं होतं आणि बाहेर येत नाही. दुसरी बारीक केबल त्यांनी पडद्याच्या मानेतून आणि कीबोर्डच्या वायरीतून ओवली. माउसची वायर निसटत होती, तर घरी जाऊन पत्र्याची एक पकड घडवून आणली. यंत्राच्या बाजूचं झाकण उघडतं हे कळल्यावर त्यालाही एक इवलंसं कुलूप लावलं. "नाहीतर सांगाडा ठेवतात आणि पोटात हात घालून आतडी नेतात," ते म्हणाले.

"पण केबल कापता येतेच की, चिचो."

"येते ना. पण कापायला वेळ लागतो आणि आवाज होतो. चोराला या दोन्ही गोष्टी परवडत नाहीत. आपण चोराला अडवायचं नसतं गं, कंटाळा आणायचा असतो." मग त्यांनी केबल दोन्ही हातांनी ओढून बघितली. यंत्र तसूभर हललं नाही. "कुलूप चुकत नाही, नेवेना. मी उभ्या आयुष्यात चुकलेलं कुलूप पाहिलं नाही. किल्ली चुकते."

किल्ल्या दोनच होत्या. बुटक्या, नळीसारख्या गोल. एक बेल्चेवनी माझ्या हातात दिली आणि दुसरी, मागचं सगळं विसरायला म्हणून, चिचोंच्या. त्यांनी ती घड्याळाच्या साखळीत अडकवली. त्यांचा चेहरा असा झाला की मी खिडकीबाहेर बघायला लागले. कारखान्यानंतर पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्यावर काही सोपवलं होतं.

त्यांची मुलगी इस्क्रा स्पेनमध्ये सारागोसाला असायची, एका म्हातारीची सेवा करायला. तिची मुलगी आल्बा तिथंच जन्मली. आजोबांनी नातीला कधी हात लावला नव्हता. रविवारी वाचनालय बंद, पण मी अकरा वाजता उघडायला लागले. माझं तरी घरी कोण होतं? चिचो लग्नातला कोट घालून, दाढी करून यायचे आणि स्पेनपर्यंत आवाज जायला हवा म्हणून ओरडून बोलायचे. घरच्या छोट्या धार लावायच्या दगडावर त्यांनी पितळेचा एक भोवरा घासून केला होता. तो ते कॅमेऱ्यासमोर फिरवायचे. आल्बा टाळ्या पिटायची, "द्यादो, अजून!" द्यादो, म्हणजे आजोबा, म्हणायला ती त्या टेबलावरूनच शिकली. बोलताना चिचोंचा डावा हात खाली केबलवर असायचा. मला वाटतं त्यांना स्वतःलाही ते माहीत नव्हतं.

आता माझ्याकडे येते.

दोल्ना लेस्कात किल्ली कुंडीत असते. तुम्ही कुणाच्याही घरी जा, दाराशी जिरेनियम असणार आणि जिरेनियमखाली किल्ली. शेजारणीला मांजराला दूध घालायचं असतं, लेकीला अचानक यायचं असतं. वाचनालयाच्या दाराची किल्लीही तशीच, दाराशेजारच्या खिडकीत बाहेरून ठेवलेल्या माझ्या कुंडीत, कारण संध्याकाळी नाचाच्या बायका सरावाला यायच्या. माझा स्वभाव विसरभोळा. दोनदा ती बुटकी किल्ली हरवली आणि दोनदा सापडली. मग मी ती दाराच्या किल्लीच्याच कडीत घातली आणि मोकळी झाले.

चिचोंनी ते बघितलं. एरवी मऊ बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. "नेवेना, हे काय? मी लोखंडाला बांधलं, आणि तू मातीत खुपसून ठेवलंस?"

"अहो चिचो, कोण येतंय इथं चोरायला? नाचाच्या म्हाताऱ्या?"

"ट्रकवाल्याजवळ शिक्का होता," ते म्हणाले.

मी किल्ली काढली. आठवडाभर पर्समध्ये ठेवली. आठव्या दिवशी परत कडीत घातली. या माणसाला बंधनांचं वेड लागलंय असं मला वाटायचं. मी त्यांच्यावर माया करायचे, पण त्यांचं ऐकायचे नाही. आपण म्हाताऱ्यांशी असंच वागतो.

मार्चमधला एक सोमवार. सकाळी आठला पोचले तर कुंडी कलंडलेली, पायरीवर माती, आणि किल्ल्यांची कडी पायपुसण्यावर पडलेली. दार लोटलेलं. आत टेबल रिकामं. केबल पाइपाला तशीच, कुठं ओरखडा नाही, आणि तिच्या टोकाला कुलूप उघडं लोंबत होतं. ते नीट, किल्लीनं उघडलं होतं. पत्र्याची पकडसुद्धा सोडवून टेबलावर ठेवली होती.

मी आधी काय केलं ते सांगते. ओरडले नाही. बेल्चेवना फोन केला नाही. झाडू आणला आणि पायरीवरची माती भरली. जिरेनियम पुन्हा रोवलं. कडीतून बुटकी किल्ली काढली, आणि त्या महिन्यात आमच्याकडे सगळेच अंगावर जो लाल-पांढरा धागा बांधतात, तो माझ्या मनगटावरून सोडून तिच्यात ओवला आणि गळ्यात घातला. पेन्शनला मला दोन वर्षं होती. सरकारी यंत्र माझ्या निष्काळजीपणानं गेलं असं लिहिलं गेलं असतं तर ती दोन वर्षं मला कुणी दिली नसती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात त्या सकाळी लख्ख उजेड होता, मी काय करतेय ते मला पूर्ण दिसत होतं.

मग फोन केला.

पोलीस हवालदार त्सोंकोव आला. सूर्यफुलाच्या बिया चघळत त्यानं कुलूप उलटंपालटं केलं. "दाराच्या किल्ल्या तर गावभर असतील," तो म्हणाला. "पण हे कुलूप फोडलेलं नाही. याच्या किल्ल्या किती?"

"दोन," बेल्चेव म्हणाले.

"बाई, तुमची?"

मी ब्लाउजच्या आतून धागा ओढून दाखवला. "कायम गळ्यात असते," मी म्हटलं.

तीन शब्द. आणखी काही मला म्हणावं लागलं नाही, बाकी सगळं लोकांनी आपणहून जोडून घेतलं.

चिचोंना बोलावलं. ते आले, रिकाम्या टेबलाकडे बघून तिथंच थबकले. त्सोंकोव वाईट माणूस नव्हता, त्यानं त्यांना खुर्ची दिली. "चिचो लोझान, दुसरी किल्ली तुमच्याकडे?"

त्यांनी घड्याळाची साखळी बाहेर काढली.

"कुणाला दिली होती कधी? हरवली? घरात कुणी घेतली?"

"घरात मी एकटाच. झोपतानाही काढत नाही."

"अहो, नीट आठवा. दिली असेल."

"नाही दिली." पळवाट समोर उघडी होती आणि हा माणूस ती स्वतःच्या हातानं बंद करत होता.

"मग कसं करायचं? एक बाईंच्या गळ्यात, एक तुमच्या साखळीत."

चिचोंनी तेव्हा माझ्याकडे पाहिलं. आधी तोंडाकडे, मग गळ्यातल्या धाग्याकडे. त्यांना बारीक बघायची सवय होती. मग त्यांची नजर माझ्या मोकळ्या मनगटावर गेली आणि तिथून खिडकीत. कुंडीतली माती वरती ओली, काळी होती आणि जिरेनियमची एक फांदी मोडली होती. आता बोलतील, असं वाटलं. देवाशपथ सांगते, अर्धं मन म्हणत होतं की बोलावं.

ते उठले, टोपी घातली. "जिरेनियमला पाणी घाल, नेवेना," ते म्हणाले. "मुळं हललीत त्याची."

गुन्हा कुणावर दाखल झाला नाही, पुरावाच नव्हता. पण गावाला पुरावा लागत नाही. आठवड्याच्या आत बेकरीच्या रांगेत वर्बिंका पाव मोजता मोजता म्हणाली, "कुंपणानंच शेत खाल्लं, बाई. सगळ्या गावाला साखळ्या घालत फिरायचा." रांगेतल्या दोघी हसल्या. मीही रांगेत होते. मी माझा पाव घेतला आणि निघाले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण दोर कुणी आणून दिला ते कुणी विचारत नाही.

जुलैत दुसरा कॉम्प्युटर आला. कुलूप लावायला जिल्ह्याच्या गावाहून माणूस आला, आणि बेल्चेव म्हणाले की जुनी किल्ली फाइलला जमा करून घ्या. मी म्हटलं, ज्या कुलपाचं आता काही राहिलं नाही त्याची किल्ली कशाला? ते म्हणाले, "नियम आहे, नेवेना. आणि ते मागायला मी गेलो तर बरं दिसणार नाही." म्हणजे मी गेले तर बरं दिसणार होतं.

चिचो अंगणात बाकड्यावर बसले होते, अक्रोडाखाली. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी साखळीतून किल्ली सोडवली. पेपराच्या तुकड्यात गुंडाळून दिली.

"चिचो, रविवारी या ना," मी म्हटलं. "नवीन यंत्राचा पडदा मोठा आहे. आल्बा विचारत असेल."

"विचारते. फोनवर विचारते, द्यादो, तुझं तोंड कुठंय?"

"मग या. मी अकराला उघडते."

"आलो असतो गं. पण मी आलो आणि पुढल्या सोमवारी एक माउस हरवला, तर?" त्यांनी हे रागानं म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मी तिथं सांगायला हवं होतं. दुसरं कुणी नव्हतं, फक्त आम्ही दोघं आणि साखळीचं बाकडं. माझ्या तोंडापर्यंत आलं. ते वाट बघत होते असंही मला वाटलं. मी म्हटलं, "बरं, येते," आणि आले. शरदात परत एकदा गेले, तेव्हाही हेच. अठरा महिने तो माणूस वाचनालयाच्या रस्त्यानं गेला नाही. पावासाठीसुद्धा वरच्या आळीला जायचा, चढ चढून. रविवारी अकराला मी उगाच दार उघडून बसायचे. इस्क्राला काही ठाऊक नसणार असं मी धरून चालले होते; ती कधीकधी हाक मारायची, आल्बा पडद्यात यायची, एकदा पडलेला दात दाखवायला आली. मी म्हणायचे, आजोबांना बरं नाही. खोटं एकदा तोंडाला लागलं की पुढचं सोपं जातं.

सप्टेंबरात, गावभर मिरच्या भाजल्याचा वास सुटला असताना, चिचो लोझान शेजाऱ्याची मिरच्या भाजायची शेगडी दुरुस्त करता करता गेले. हातात पक्कड होती. इस्क्रा दुसऱ्या दिवशी पोचली, आणि बापाचा कागद करायला माझ्याकडेच आली. दुसरीकडे कुठं जाणार होती?

फोटो तिच्या फोनमध्ये होता, एका रविवारी तिनं तिच्या बाजूनं टिपलेला. चिचो लग्नाच्या कोटात, चिमटीत पितळेचा भोवरा धरून हसताहेत, आणि खांद्यामागं खिडकीत माझी कुंडी. मी कुंडी कापून फोटो लहान केला. इस्क्रा बाजूला उभी होती.

"कापलीस," ती म्हणाली.

"चेहरा मोठा दिसावा म्हणून."

"मला ठाऊक आहे गं, कुंडीत काय होतं ते." तिचा आवाज अगदी साधा होता. "बाबांनी तेव्हाच सांगितलं मला, फोनवर. मी केवढी भांडले. म्हटलं, आत्ता जा आणि पोलिसाला सांगा. तर म्हणाले, तिला पेन्शनला दोन वर्षं राहिलीत, मला कुठं नोकरी जायचीय? आणि म्हणाले, तीच सांगेल. आज ना उद्या सांगेल, चांगली पोरगी आहे."

माझे हात कीबोर्डवर तसेच राहिले. मी छप्पन्न ओलांडलेली बाई. मला शेवटचं पोरगी कुणी म्हटलं होतं ते आठवेना.

"किती राहिलं आता?" तिनं विचारलं.

"साडेपाच महिने."

"मग काढ तेवढे," इस्क्रा म्हणाली. "बाबांनी दीड वर्ष भरलंय त्यात. वाया नको जायला."

मी छापलं: प्रेमळ पिता, आजोबा, लेथचे कुशल कारागीर. चाळीस दिवसांनी तेच पुन्हा छापलं. खोटं सांगत नाही, पेन्शनचा हुकूम हातात आला त्यानंतर अकरा दिवसांनी सहा महिन्यांचा कागद येत होता, आणि ते अकरा दिवस मी आधीच मोजून ठेवले होते. त्यांना वाटलं होतं मी सांगेन. मी सांगितलं, पण सगळं पदरात पडल्यावर.

तिसऱ्या कागदावर फोटो पुरा ठेवला, कुंडीसकट. खाली लिहिलं: "वाचनालयाचा कॉम्प्युटर गेला तेव्हा त्याची एक किल्ली माझ्या गळ्यात नव्हती, दाराजवळच्या या कुंडीत होती. चिचो लोझान यांना ते ठाऊक होतं आणि ते माझ्यासाठी गप्प राहिले. मला ठाऊक होतं आणि मी स्वतःसाठी गप्प राहिले. नेवेना साव्हेवा." चाळीस प्रती काढल्या. सकाळी खळ आणि ब्रश घेऊन निघाले. पहिला त्यांच्या फाटकावर लावला, मग खांबांवर, पोलीस चौकीच्या पाटीशेजारी, बेल्चेवांच्या दारावर. शेवटचा बेकरीच्या भिंतीवर.

वर्बिंका पिठाचे हात पुसत बाहेर आली. वाचलं. पुन्हा वाचलं. मी शिव्यांची वाट बघत उभी राहिले, मला त्या हव्याच होत्या.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच म्हणजे?"

"अगं, कुंडीत किल्ल्या असतात हे कुणाला ठाऊक नव्हतं? ती बुटकी गोल किल्लीसुद्धा. मी नाचाला यायचे तेव्हा आठवड्यातून दोनदा हातात धरायचे."

"मग तेव्हा का नाही बोललीस? तूच म्हणालीस ना, कुंपणानं शेत खाल्लं?"

"तू म्हणालीस गळ्यात. शिकलेली बाई, म्हटलं, काढून घेतली असेल मधे." तिनं भिंतीवरच्या चिचोंकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "आणि खरं सांगू? कुंडीचं नाव निघालं असतं तर त्या कुंडीत हात घालणाऱ्या आम्ही सगळ्याच आलो असतो चौकीत. एकावर निभावलं ते बरंच होतं की."

ती आत गेली. तिच्या भट्टीतला पाव लागायला आला होता.

माझ्या जागी अजून कुणी नेमलेलं नाही, म्हणून किल्ल्या माझ्याकडेच आहेत. त्या रविवारी अकराला मी दार उघडलं. इस्क्राला कागदाचा फोटो मी पाठवला होता. बरोबर अकराला हाक आली. पडद्यात आल्बा होती, एकटी, आठ वर्षांची, नवे दात आलेली. तिनं कागद छापून घेतला होता आणि समोर धरला होता. आमची अक्षरं तिला सावकाश वाचता येतात.

"नेवेनामावशी, किल्ली खरंच फुलाच्या कुंडीत होती?"

"हो बाळ."

"आणि द्यादोला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"आणि सगळे म्हणायचे त्यानंच चोरलं, म्हणून तो माझ्याशी बोलायला यायचा नाही?"

"हो."

तिनं कागद खाली ठेवला. त्याच्या शेजारी पितळेचा भोवरा होता, इस्क्रानं नेलेला. आल्बानं तो उचलला, फिरवला नाही, नुसता हातात धरला.

"मग तू आधी का नाही सांगितलंस?"

मी पडद्याकडे बघत राहिले. टेबलाखाली माझ्या हाताला केबल लागली, नवीन, घट्ट ताणलेली. आल्बा थांबली. मान वाकडी करून जवळ आली, तिनं कॅमेऱ्यावर बोटानं टकटक केलं आणि मागे वळून हाक मारली.

"आई, इकडे ये गं. तिकडचा आवाज गेला."